लोर्नाच्या घड्यातला गोटा

"मध्ये थांबू नकोस गं. ओल आहे तोवरच घास!"

मित्रांनो, या जगात माझ्या कानावर पडलेले पहिले शब्द हेच. मी मातीचा काळा घडा. अमेरिकेत न्यू मेक्सिको म्हणून मुलूख आहे, तिथल्या प्वेब्लो लोकांच्या एका गावात माझा जन्म झाला. बोलत होती एक म्हातारी आजी आणि मला घासत होती तिची नात लोर्ना. आमच्याकडे कुंभाराचं चाक नसतं. आधी मातीला नमस्कार करून तिची परवानगी मागायची, मग मातीच्या वळ्या एकीवर एक रचत घडा उभा करायचा आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घासघास घासायचा. तो गोटा आजीला तिच्या आईनं दिलेला. शेवटी वाळक्या शेणाच्या धुरात कोंडलं मला, तेव्हा कुठे आरशासारखी ही काळी झळाळी आली. जरा रुबाबच वाटला हो!

लोर्ना तो गोटा माझ्याच पोटात ठेवायची. २००६ साली बाजारात निशिकांत नावाच्या सिंगापूरच्या बँकवाल्यांनी मला पसंत केलं. लोर्नाच्या नवऱ्यानं घाईघाईत माझ्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. आत पाहिलंच नाही!

सिंगापुरातल्या बेडोक भागातल्या फ्लॅटमध्ये निशिकांतांच्या पत्नीनं, सविताताईंनी, बोळे काढले आणि गोटा त्यांच्या ओंजळीत आला. काळा, लांबट, गुळगुळीत.

"अगंबाई, हा तर महादेवाचा बाण! देव आपणहून घरी आला."

गोटा देव्हाऱ्यात बसला. सविताताईंनी त्याच्यापुढे सोळा सोमवारांचं व्रत धरलं. त्याला रोज चंदन, दुधाची धार. मी आपला शोकेसमधून त्याचे लाड बघत होतो.

अकरा सोमवार झाले आणि निशिकांतांना लोर्नाचा ईमेल आला. त्यांच्या मुलीनं, ऋतानं, तो वाचून दाखवला. 'आमचा घासायचा गोटा घड्यातून तुमच्याकडे आलाय का? आजी फार थकली आहे. माझी मुलगी पहिला घडा त्याच गोट्यानं घासताना तिला डोळ्यांनी बघायची आहे.'

ऋता खो खो हसली आणि सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आई, इट्स अ टूल लाह! तू टूलची पूजा केलीस!"

"हसतेस काय? दसऱ्याला बाबांच्या लॅपटॉपला हळदकुंकू कोण वाहतं?"

निशिकांत म्हणाले, "पाचच सोमवार राहिलेत. उद्यापन झालं की पाठव."

सविताताई देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या. व्रत त्यांनी आजवर कधी अर्धवट सोडलं नव्हतं.

"तोवर आजी थांबल्या नाहीत तर?" त्या हळूच म्हणाल्या. "उरलेले सोमवार मी सुपारी मांडून करीन. देव काही रागावणार नाही."

मग त्यांनीच फोन लावला आणि लोर्नाला शब्द दिला, सोमवारी गोटा नक्की निघेल.

मित्रांनो, घरातलं काही कुणाला देताना आत एकदा हात घालून बघा बरं. आणि म्हातारे हात शिकवताहेत तोवर त्यांच्याजवळ बसा.

सोमवार उजाडला. उपास होताच. ऋता शाळेत आणि निशिकांत ऑफिसात गेल्यावर सविताताईंनी गोट्यावर अक्षता वाहिल्या, त्याला जागेवरून किंचित हलवलं, पुसून खणात गुंडाळलं. मग दार हळूच ओढून घेऊन त्या पोस्टाकडे निघाल्या.