एकशे सत्त्याऐंशी होकार

"उघड ती," बू वार्सिनी म्हणाल्या.

"कोणती?"

"सगळी."

मी नुकतंच साठावं पार्सल चिकटवलं होतं. घड्याळात साडेअकरा. चारला माल न्यायला गाडी येणार. बारा डिसेंबर, वर्षातला सगळ्यात मोठा ऑनलाइन विक्रीचा दिवस, आणि या बाई मला बांधलेलं सोडायला सांगत होत्या.

"बू, तुम्हाला काढलंय, आता मलाही सोबत न्यायचं ठरवलंय का?"

"माझे अजून एकोणीस दिवस आहेत, गियो. कात्री घे."

*बाकी: २१२*

घडलं ते असं. आमचं दुकान जकार्तापासून लांब, पेदान या जावानीज गावात, पण त्याला दार नाही. म्हणजे आहे, पण त्यातून गिऱ्हाईक येत नाही, फोनमधून येतं. हातमागावरचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, लुरिक, आम्ही विकतो. मालकीण म्बाक रेस्ती, म्हणजे रेस्तीताई, वय एकोणतीस, वाढली जकार्ताच्या बाजूला बेकासीत. मी पार्सलं बांधतो; मला ती मास, म्हणजे दादा, म्हणते. बू वार्सिनी, म्हणजे वार्सिनीकाकू, सहा वर्षं गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं देतात. त्याआधी सव्वीस वर्षं क्लातेनच्या बाजारात कापडाच्या गाळ्यावर बसल्या.

गेल्या महिन्यात म्बाक रेस्तीने बॉट घेतला. दिवसाला हजार उत्तरं, जेवण नाही, नमाजाची सुट्टी नाही. बूंना तिने समोर बसवून सांगितलं, जानेवारीपासून यायची गरज नाही. सांगताना रडली ती. बू रडल्या नाहीत. त्यांनी तिला रुमाल दिला.

तर आज सकाळी नऊला हिरवं लुरिक संपलं आणि दोनशे बारा ऑर्डरी उरल्या. फळीवर गडद निळं भरपूर. बॉटने दोनशे बारा जणींना एका मिनिटात विचारलं: हिरवं संपलंय, निळं चालेल का? अकरापर्यंत एकशे सत्त्याऐंशी होकार. म्बाक रेस्तीने टेबलावर हात आपटला, मला मिठी मारायला निघाली, मी परका पुरुष हे आठवून थांबली.

"मास गियो, बांधा. सगळं निळं."

मी बांधत सुटलो. आणि मग बूंनी चष्मा लावला.

*बाकी: १८७, पण कसले*

"हे होकार नाहीत," बू म्हणाल्या.

"बू, इंगिह म्हणजे हो. एवढी जावानीज मलाही येते," रेस्ती म्हणाली.

"येते. पण ऐकू येत नाही."

रेस्तीचा चेहरा पडला. मला हसू आलं, मी पार्सलात तोंड घातलं.

"रागावू नका, म्बाक. हे बघा. 'इंगिह.' नुसतं. हे 'नाही' आहे. 'इंगिह, मातुर नुवुन.' आभार मानले, संपलं, हेही 'नाही'च. 'इंगिह, बघते नंतर.' हे तर दार लावून घेतल्यासारखं आहे. आता हे बघा: 'इंगिह, कधी पोचेल? अस्तर मिळेल का?' हे हो. हवं असतं ती बाई पुढचं विचारते."

"पण नको असेल तर नको म्हणावं ना. मी कुठे मारतेय?"

"तुमच्याकडे म्हणत असतील. इथं समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणायचं म्हणजे त्याला कानफटात देण्यासारखं. माल आला की परत पाठवतील. आणि एक तारा देतील. तारा देताना समोर कोणी नसतं."

त्या एका वाक्याने खोलीतली हवा गेली. आमच्या दुकानाला पावणेपाच तारे आहेत. दीडशे पार्सलं परत आली तर दुकान शोधणाऱ्याला दिसणारसुद्धा नाही. म्बाकने घर गहाण टाकून माग घेतलेत.

"सिद्ध करा," ती म्हणाली.

बूंनी वोनोगिरीच्या बू पार्तिनाहना फोन लावला, आवाज मोठा केला, आणि फोन रेस्तीपुढे धरला.

"बू, निळं चालेल ना तुम्हाला?"

"इंगिह, म्बाक. चालेल की."

"अगदी नक्की?"

"इंगिह, इंगिह."

रेस्तीने बूंकडे पाहिलं. बघा, झालं? बूंनी फोन आपल्याकडे ओढला.

"बू पार्तिनाह, मी वार्सिनी. गुडघा कसा आहे? बरं, मी काय म्हणते, हे निळं तुम्हाला मी देणार नाही. धाकटीच्या साखरपुड्याला घेताय ना? मला ते बरं वाटत नाही. माझाच जीव धजत नाही पाठवायला. दोन आठवडे थांबता का, हिरवं विणून देते?"

पलीकडून मग असं हसू फुटलं की फोन टेबलावर थरथरला.

"अगं बाई, वाचवलंस. आम्ही अठरा जणी. निळ्या पट्ट्यांत गेलो असतो तर व्याह्यांना वाटलं असतं राजवाड्यातले निळ्या अंगरख्याचे चाकर झाडू मारायला आले. मघापासून विचार करतेय, सांगू कसं? साखरपुडा जानेवारीच्या शेवटाला आहे. थांबते की."

रेस्तीने खुर्ची ओढली आणि बूंच्या शेजारी बसली. "पुढचा कोण?" तिने विचारलं.

*बाकी: १४६*

आता मला नीट सांगता येणार नाही, कारण सगळं एकदम चाललं होतं. बू वाचतात. "हो." मी ठेवतो. "नाही." मी कापतो. माझीच टेप, माझ्याच कात्रीने, आणि मला मजा यायला लागली.

"हो. नाही. नाही. ही नाही, पण नवऱ्यासमोर लिहिलंय, म्हणून तीन वेळा इंगिह."

"ते कसं कळलं?"

"एरवी ती फुलांची चित्रं पाठवते."

एकशे सत्त्याऐंशीतले एकेचाळीस खरे निघाले. उरलेल्या एकशे सेहेचाळीस जणींना बू सांगत गेल्या आणि रेस्ती लिहीत गेली, कारण तिची बोटं पळतात. प्रत्येकीला तेच, आणि प्रत्येकीला वेगळं. मला हा रंग तुमच्यासाठी पटत नाही. मीच पाठवत नाही. माफ करा. नकार बू स्वतःच्या पदरात घेत होत्या, म्हणजे समोरचीला तो द्यावा लागू नये.

आणि उत्तरं. अरे, उत्तरं कशी आली. बॉटला एका शब्दात 'इंगिह' लिहिणाऱ्या बायका दहा दहा ओळी लिहीत होत्या. कोणी थांबते म्हणाली, कोणी थांबते आणि आणखी चार वार वाढवा म्हणाली. एकीने बूंसाठी फणसाच्या भाजीची कृती पाठवली. रेस्ती वाचून दाखवायची, तिचा आवाज चढत चालला होता.

"एकशे दहा थांबतात, बू. एकशे अठरा. मास गियो, एकशे चोवीस."

"ओरडू नका," बू म्हणाल्या, "मोजणी चुकेल." पण त्यांचेही कान लाल झाले होते.

जेवण राहिलं. तीन वाजता मी भाताच्या पुड्या आणल्या, तिघांनी एका हाताने खाल्ल्या.

*बाकी: ०*

चार वाजून सहा मिनिटांनी गाडी गेली. एकेचाळीस पार्सलं निळी. एकशे एकतीस जणी हिरव्यासाठी थांबल्या, पंधरा जणींनी हसतखेळत रद्द केलं. सकाळपासून गप्प असलेल्या पंचवीस जणींना बू उद्या फोन करणार.

रेस्तीने नवं पान उघडलं.

"बू, आता मला सांगा. कसं ओळखता, ते सगळं. मी बॉटला शिकवते."

मी टेप गुंडाळत होतो. हात थांबले.

"शिकला की एक तारखेला मी घरी," बू म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं.

रेस्तीला खोटं बोलता येत नाही, बेकासीची आहे. "तसंच ठरलंय," ती म्हणाली.

"लिहा. बू पार्तिनाह. गुडघा दुखत असेल त्या दिवशी सगळ्यालाच हो म्हणतात. बू एंदांग. सुनेच्या हातात फोन असला की शुद्ध व्याकरण, तेव्हा उत्तर धरायचं नाही. सोलोच्या दोघी बहिणी, एकीने नाही म्हटलं की दुसरी हो म्हणते, भांडण जुनं आहे, आईच्या दागिन्यांचं..."

रेस्ती लिहीत होती. अकराव्या नावाला तिची बोटं थांबली. बाराव्याला तिने लॅपटॉप बाजूला सरकवला आणि हनुवटी हातावर टेकली.

"असं किती जणींचं आहे, बू?"

"सहा वर्षांचं आहे."

"म्हणजे जानेवारीत नाही संपणार."

"नाही."

"फेब्रुवारीत?"

"रोज दोन-तीन नव्या येतात, म्बाक."

रेस्ती उठून भिंतीपाशी गेली. मग कॅलेंडरवरची एक तारखेची खूण तिने नखाने खरवडून काढली, कागद जरा फाटला.

"उद्या आठला या," ती म्हणाली. "मी पण इथंच बसणार. शेजारी."

बूंनी मान हलवली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

रेस्ती फोनवरची यादी खाली सरकवत होती. "ही कोण? बू सुमिनार. दोन वर्षांत एक ऑर्डर नाही. काढू?"

"नको. वारल्या त्या. पहिल्या वर्षी रोज एक रंग विचारायच्या, घेतलं कधीच नाही. बोलायला हवं असायचं. अजूनही दर ईदला मी त्यांना लिहिते, चुकलंमाकलं माफ करा."

रेस्तीने तो मेसेज उघडला. गेल्या ईदचा. खाली दोन खुणा निळ्या झाल्या होत्या.

"कोणीतरी वाचलंय, बू."

"हो," बू म्हणाल्या. "कोण ते मी विचारलं नाही."