न चाखता

मृणालिनीने रिकामं पातेलं काट्यावर ठेवून वजन वहीत टिपलं, मग त्यात डाळ ओतली आणि पुन्हा टिपलं. तेवढ्यात शुभा आली. मंडळाची यंदाची सेक्रेटरी.

"मृणालिनीताई, रागावू नका हं. कमिटी म्हणतेय, नैवेद्याचं जेवण केटररला देऊ या."

"का?"

का ते दोघींना ठाऊक होतं. वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाच्या गणपतीचा नैवेद्य तेवीस वर्षं मृणालिनीच्या हातचा. पण जानेवारीतल्या तापाने तिची चव आणि वास, दोन्ही नेले होते.

उत्तर टाळायला शुभाने फ्रिजवरचं कार्ड वाचलं.

*साबिओ. स्पॅनिश. शहाणा, जाणता.*

"हे काय?"

"होमवर्क. क्लिनिकमधल्या पेशंटशी बोलता यावं म्हणून शिकतेय. प्रत्येकाने एक शब्द मुळापासून शोधून आणायचा."

*मूळ: लॅटिन क्रियापद सापेरे. आधी चव असणं, चव घेणं. मग पारखणं. मग कळणं.*

"म्हणजे ज्याला चव कळते तो..."

"शहाणा. बोल की, थांबलीस का?"

"तसं नाही हो, ताई."

"खाली वाच."

*आणखी एक अर्थ: कसरती शिकवलेला. उदा. साबिओ कुत्रा.*

शुभाला हसू आवरेना.

"तेवढी तर मी अजून आहे," मृणालिनी म्हणाली. "आणि देवापुढे ठेवायच्या आधी जिभेला लावायचं नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना कोण बजावतं? तूच ना?"

"हो, पण मीठ... दीडशे माणसं जेवणार, ताई!"

"चाखायचंच नाही, तर माझ्या जिभेशी कमिटीला काय करायचंय? केटररचं कॅन्सल कर."

शुभा गेली. मृणालिनीने डाळ शिजायला लावली. आयुष्यभर भूल देताना तिने माणसाच्या वजनावर औषध मोजलं होतं. आता डाळीच्या वजनावर मीठ. आठवडाभर ती रोज आमटी करत राहिली. वाटी शेजारच्या राधिकाकडे जायची, आणि राधिका सांगेल ते वहीत. मंगळवारी खारट. बुधवारी अळणी. गुरुवारी, काकू, आणखी आहे का?

शनिवारी, उत्सवासाठी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात मोठं पातेलं रटरटत होतं. मृणालिनीने मोजलेलं मीठ एका दमात आत टाकलं आणि ढवळलं. सवयीने पळी तोंडाकडे निघाली. तिने ती खाली ठेवली.

शुभा दार लोटून जवळ आली. हातात चमचा.

"ताई, कुणी नाहीये. मी एक थेंब बघू? देव काही म्हणायचा नाही."

मृणालिनीने चमचा तिच्या हातातून काढून सिंकमध्ये टाकला.

"तेवीस वर्षं मी चाखलंय, शुभा. दर वर्षी. तुमच्याकडे पाठ करून."



"तुम्ही? चाखून?"

"यंदा पहिल्यांदाच नाही चाखलं."

बाहेर टाळ वाजायला लागले. मृणालिनीने पातेल्यावर ताट झाकलं आणि पातेल्याचा एक कान फडक्याने धरला.

"त्या बाजूने धर. गुरुजी खोळंबलेत."