केसाएवढी अक्षरं

गेरलिंडेबाईंची शेवटची इच्छा एकच होती: चर्चच्या जुन्या गायनमंडळातल्या मैत्रिणींनी आपल्या थडग्यापाशी गावं. मंडळ कधीच मोडलं होतं, मैत्रिणी ओफेनबाखच्या आसपासच्या गावांत पांगल्या होत्या. त्यांना कळवायचं काम मुलाकडे, फोल्कर्टकडे आलं.

फोल्कर्टचा धंदा छपाईची अक्षरं काढण्याचा. गेली काही वर्षं स्वारी एकाच फॉन्टच्या नादी लागली होती. O म्हणजे कंपासचं वर्तुळ, I म्हणजे नुसती रेघ, टोकांना कसली नखरेबाजी नाही आणि जाडी केसाएवढी. आईच्या निधनाच्या कार्डाला दुसरा फॉन्ट चालणारच नव्हता. त्याने मजकूर पडद्यावर वीतवीतभर मोठा करून बघितला, मग छापील कागद उलटा धरून अक्षरांमधली अंतरं तपासली. अक्षरं काढणाऱ्यांची रीतच तशी. उलटं धरलं की शब्द आड येत नाहीत, आकार तेवढे दिसतात. काळी शाई अंगावर येतेय म्हणून त्याने ती राखाडी केली. कार्डाची किनार मात्र रिवाजाप्रमाणे काळी ठेवली.

"सगळ्यांना फोनही करू का रे?" बहीण आल्मुटने विचारलं.

"कार्ड गेल्यावर फोन? शोभतं का ते?"

"बरं बाबा, तू म्हणशील तसं."

दफनाला एकही मैत्रीण आली नाही. पाद्रीबाबा घड्याळ बघत थांबले. फोल्कर्टला काही उमजेना. त्याने खिशातलं कार्ड काढून डोळ्यांजवळ धरलं. वार, वेळ, जागा, सगळं बरोबर होतं.

"आईचं कुणाशी वाजलं होतं का?" त्याने आल्मुटला विचारलं.

"काहीतरीच काय! रोज फोनवर खिदळायच्या सगळ्याजणी."

शेवटी पाद्रीबाबांनीच फाटक्या आवाजात एक कडवं म्हटलं. फोल्कर्टला त्या म्हाताऱ्यांचा भयंकर राग आला. जन्मभर आईच्या हातचा केक हाणला आणि आज एकीलाही यावंसं वाटू नये?

घरी आईच्या फोनवर निरोपांचा लाल दिवा लुकलुकत होता. आल्मुटने बटण दाबलं.

"गेरलिंडे, मी ओटिली. अगं, काळ्या किनारीचं कार्ड आलंय, पण आत काहीच छापलेलं नाही. कोण गेलं गं?"

"गेरलिंडे, रोझविता बोलतेय. माझं कार्ड कोरंच! छापखानेवाले झोपले होते की काय? तुला आलंय का?"

फोल्कर्टने कार्ड टेबलावर उभं केलं आणि दारापर्यंत मागे गेला. तिथून बघितलं, तर किनारीच्या आत काही नव्हतं.

यंत्र बोलतच होतं. पुन्हा ओटिली.

"फोन का उचलत नाहीस गं? जी कोणी गेली असेल तिच्यासाठी आपल्याला गायला हवं. वरचा सूर मला एकटीला झेपत नाही, गेरलिंडे. तू येशील ना?"