पानाआड राखलेली काकडी

थोरलीनं पातेलं उचललं, परसात गेली आणि पालकाची सगळी भाजी वासरापुढच्या गव्हाणीत उपडी केली. वासरानं दोनदा हुंगलं आणि खायला लागलं.

"बघ, आवडली त्याला," ती धाकटीला म्हणाली. "तिखट नाही, मसाला नाही. हिरवा पाला पाण्यात बुडवला आणि बाहेर काढला. हे माणसांचं खाणं आहे होय?"

"लसूण होता, मीठ होतं. सकाळी तोडलेला पाला, जाऊबाई. त्याला आणखी काय लागतं?"

"मला शिकवतेस? या घरात भाजी कशी करायची ते मी सांगणार. तू निवडायची, तू चिरायची. फोडणी माझी."

"मग निवडा पण तुम्हीच, चिरा पण तुम्हीच," धाकटी म्हणाली. तिनं विळी उचलली, आडवी पाडली आणि थोरलीच्या पायाशी ठेवून दिली.

मी त्यांची शेजारीण. आमच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे मला ऐकायला कान लावावा लागत नाही. त्या दिवशी संध्याकाळी धाकटीनं पडवीच्या टोकाला तीन विटा मांडल्या आणि वेगळी चूल पेटवली. तिचा नवरा ट्रकवर असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. तो आला, विटा बघितल्या आणि बायकोकडे न बघता भावाकडे गेला.

थोरला भाऊ तसा वाईट नाही, पण त्याला कटकट नको असते. त्यानं निवाडा दिला. परसाचे दोन भाग करायचे. धाकटीनं उन्हाळा सरेपर्यंत आपल्या भागातल्या भाजीवर घर चालवून दाखवायचं. एकदा जरी तिच्या पिशवीत बाजारची भाजी दिसली, तर विटा उचलायच्या आणि पुन्हा एकच चूल.

"ही पंधरा दिवसांत येते की नाही बघा, वाटी घेऊन," थोरली म्हणाली.

तिला धाकटी परत हवी होती, यात शंका नाही. माया म्हणून नव्हे. धाकटी वेगळी झाल्यापासून पाणी, भांडी, गोठा, निवडणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडलं होतं. बारा वर्षं तिनं फक्त फोडणी दिली होती. आता कंबर धरून वाकावं लागत होतं, आणि प्रत्येक वाकण्याला ती धाकटीचा उद्धार करत होती.

परसाच्या मधोमध दगडांची ओळ आली. विहिरीकडची चांगली माती थोरलीनं आपल्याकडे घेतली. धाकटीच्या वाट्याला मोरीचं पाणी जिथे मुरतं तो ओला कोपरा आला, आणि बाकीचा उतार, खडे आणि चिवट गवत. बियाणं भरून ठेवलेला वाळका भोपळा थोरलीच्या आढ्याला टांगलेला होता.

"थोडं बी द्या की. सासूबाईंच्या हातचं आहे ते, तुमच्या माहेरचं नाही."

"सासूबाईंनी मरताना भोपळा कुणाच्या हातात दिला? माझ्या. एक दाणा मिळायचा नाही तुला."

घेवड्याचं आणि पालेभाज्यांचं बी मी भिंतीवरून दिलं. काकडीचं माझ्याकडेही नव्हतं. पण मोरीच्या कडेला, खरकट्यातून पडलेल्या बियांची रोपं आपोआप उगवली होती. धाकटीनं ती मातीच्या ढेपेसकट उचलून वरच्या कुंपणाशी लावली. थोरली दगडांपलीकडून ओरडली, "माझ्या उष्ट्यातून उगवलीत ती!"

"मग मोरीशी भांडा," धाकटी म्हणाली.

तिनं जमिनीवर चुलीतल्या राखेनं रेघा मारून सगळं आखलं. मोरीच्या कोपऱ्यात पालेभाज्या, कारण त्यांना पाणी हवं. काठ्या रोवून घेवडा. वर काकड्या. पालक एकदम पेरला नाही. थोडा आज, थोडा पुढच्या आठवड्यात, थोडा त्याच्याही पुढे. एकदम पेरलं की एकदम येतं आणि एकदम संपतं, असं ती म्हणाली. पालेभाजी उन्हानं फुलावर येईल तेव्हा घेवडा धरलेला असेल, आणि घेवडा आटला की काकड्या घर ओढून नेतील. आखणी नेटकी होती. शेवटचा सगळा भार काकडीवर होता, एवढीच तिची जोखीम.

तीन विटांवरचा स्वयंपाकही तसाच असायचा. आधी पाणी उकळायला ठेवायची आणि मग तोडायला जायची. कोवळा घेवडा अख्खा टाकायची, रंग गडद झाला की उतरवायची. मीठ, चमचाभर तेल. मी खाल्लंय. घेवडा घेवड्यासारखा लागायचा.

"आजारी माणसाचं जेवण," थोरली म्हणायची. पण तिचा नवरा हात धुवायला मोरीवर आला की उगाच रेंगाळायचा आणि धाकटीच्या पातेल्याकडे बघायचा. ते थोरलीनं बघितलं होतं.

ऊन चढलं. पालक ठरल्याप्रमाणे फुलावर गेला, घेवड्याची पानं गुंडाळायला लागली. काकड्यांचे वेल मात्र जोरात होते. आठ-दहा दिवस धाकटी रोज सकाळी ओंजळभर कोवळ्या काकड्या तोडत होती. आणि मग वेल थांबले. पानं हिरवी, फुलं येत होती, पण फुलामागची बोटभर काकडी पिवळी पडून गळायची. तिनं पाणी वाढवलं, मग कमी केलं. राख टाकली, शेण कालवून घातलं. काही फरक नाही.

थोरली रोज दगडांच्या ओळीशी यायची. "काय गं, आज काय शिजवणार? पानं की काड्या?"

"तुमच्याकडे मागायला आले का?"

"येशील ना. माझी भांडी वाट बघतायत तुझी."

बाजाराचा दिवस जवळ आला. धाकटीचा नवराही म्हणाला, "बास झालं आता. वहिनीला सॉरी म्हण आणि मोकळी हो." दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी वेलांत गुडघ्यांवर बसली आणि एकेक पान उचलायला लागली. मी भिंतीशी उभी होते. कुंपणाच्या बुडाशी, सगळ्यात दाट जागी, दोन मोठी पानं एकमेकांवर दुमडून बाभळीच्या काट्यानं टाचलेली होती. तिनं काटा उपसला. खाली हातभर लांबीची काकडी, पिवळीधमक, जाड सालीची. आणि ती मातीवर नव्हती. तिच्याखाली लाल कौल होतं, बूड सडू नये म्हणून नीट सपाट बसवलेलं.

पुढच्या वेलाखाली दुसरी. मग तिसरी. प्रत्येकीखाली कौल.

वेलाचा सगळा खटाटोप बी पिकवण्यासाठी असतो. एक काकडी बुडाशी पिकायला लागली की वेल सगळी ताकद तिच्यात घालतो आणि नव्या फळांना सोडून देतो. म्हणून कोवळ्या तोडत राहायचं, एकही मागे ठेवायची नाही. परसात वाढलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही.

"दुपारी मी शेतावर असते तेव्हा," धाकटी हळूच म्हणाली. "पाणी पण घालत असेल, मेली."

"भाऊजींना बोलाव. दाखव."

"बोलावते. पण जेवायला."

तिनं एक काकडी सोलली, चिरली, बिया वेगळ्या काढल्या आणि फोडी डाळीबरोबर शिजायला ठेवल्या. पिकलेली काकडी आंबूस असते, शिजली की मऊ होते, घरातल्या सगळ्यांना पुरून उरते. मग तिनं पडवीतून हाक मारली, "भाऊजी, आज बाजाराचा दिवस. माझी पिशवी तपासायला या."

थोरला आला. मागून थोरली आली, पदर खोचून, विटा उचलायच्या तयारीनं. धाकटीनं ताट वाढलं. थोरल्यानं घास घेतला, मग दुसरा.

"कशाची गं?"

"काकडीची."

"ही तर सांगत होती तुझे वेल मेलेत."

"कुठून आणलीस?" थोरली पुढे झाली. "पिकलेली काकडी तुझ्याकडे आली कुठून? बाजारातलीच आहे ती!"

"तुम्ही ठेवली होती तिथूनच आणली, जाऊबाई." धाकटीनं पदराखालून धुतलेली कौलं काढली आणि एकावर एक तिच्या पायांपाशी ठेवली. "ही तुमची. मोजून घ्या."

थोरल्याचा हात ताटावर थांबला. "ही गोठ्याची कौलं आहेत," तो बायकोला म्हणाला. "पंधरा दिवस झाले शोधतोय मी. वासराच्या पाठीवर ऊन पडतंय, तुला विचारलं तर म्हणालीस माकडं नेतात."

थोरलीची नजर सुपाकडे गेली. सुपात बिया वाळत होत्या, भरपूर, टपोऱ्या.

"ते बी माझं आहे," ती म्हणाली.

"तुमचं आढ्याला आहे. एक दाणा मिळायचा नाही म्हणाला होतात, मी मागितला पण नाही."

थोरल्यानं ताट पुसून खाल्लं. निवाडा वगैरे काही दिला नाही. कौलं उचलली आणि गोठ्याकडे शिडी घेऊन गेला. विटा जागच्या जागी राहिल्या. उरलेल्या पिवळ्या काकड्यांवर धाकटीनं तो कोरडा आठवडा काढला, आणि आठवड्याअखेर वेलांवर फुलांमागे पुन्हा हिरवी बोटं दिसायला लागली.

थोरली दगडांच्या ओळीशी आली. कंबरेवर कळशी, कपाळावर घाम.

"फार उड्या मारू नकोस. उन्हाळा अजून सरला नाही."

धाकटी वाकून काकड्या तोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"वाटलं तर आणखी एखादी राखा, जाऊबाई. माझ्या उपयोगी पडते. फक्त खाली कौल घालायला विसरू नका, नाहीतर बूड सडतं."