गुळगुळीत बदक

मित्रांनो, माझं तोंड पुसट झालंय, म्हणून आधीच सांगतो. मी बदक आहे. पितळेचा जुना बिल्ला, सैनिकाच्या टोपीवरचा.

इतर तुकड्यांच्या टोप्यांवर वाघ, गरुड, तलवारी. आमच्या टोपीवर बदक, तेही मान वळवून मागे बघणारं. लोक खिदळायचे. "काय रे, अंडी कधी देणार?" आमचे म्हणायचे, "आधी आमच्याशिवाय नदी ओलांडून दाखव, मग देतो."

कारण आमचं कामच ते. नदीवर तरंगता पूल टाकायचा, सगळ्यांना पार करायचं आणि मग पूल सोडवून घ्यायचा. पहिला पूल बांधताना आमच्या पहिल्या साहेबांना एक बदकीण दिसली. पिल्लांना घेऊन धारेतून चालली होती आणि सारखी मागे वळून बघत होती. साहेबांनी तेच चित्र तुकडीची खूण म्हणून घेतलं. तेव्हापासून रीत पडली. पूल सोडवण्याआधी शेवटच्या माणसाने थांबायचं, वळायचं आणि मागचा काठ नीट बघायचा. कितीही घाई असो.

माझ्या मालकाला सगळे पाना म्हणायचे, कारण पाना त्याच्या हातातून कधी सुटायचाच नाही. एकदा पुरात अख्खं गाव हलवलं. पाणी फळ्यांना लागलं होतं. "सोडव लवकर!" सगळे ओरडत होते. पाना थांबला, वळला. मागे चिखलात एक म्हातारा बायकोला पाठुंगळी घेऊन धडपडत येत होता. पाना पळत परत गेला. आजीला पाठीवर घेतलं, आजोबांचा हात धरला. तिघं काठाला लागले आणि मागे पूल वाहून गेला. आजी काय म्हणाली माहितीये? "अरे, माझी चप्पल राहिली की पलीकडे!"

तेव्हा मी त्याच्या कपाळावर होतो. काय सांगू, छाती असती तर फुगली असती.

पाना मला रोज फडक्याने घासायचा. आमच्यात गुळगुळीत बिल्ला म्हणजे जुना, मुरलेला माणूस. त्यामुळे नवे सैनिक चोरून आपले बिल्ले वाळूने घासायचे आणि ओरखडे पडून पकडले जायचे. पाना निवृत्त झाला तरी घासायची सवय गेली नाही. बायको म्हणायची, "माझ्या तोंडाकडे बघायला वेळ नाही, बदकाचं तोंड मात्र रोज पुसायचं!"

मग पाना गेला. मी बटणांच्या डब्यात पडलो. काळपट झालो, कडेने हिरवा झालो. वर्षानुवर्षं कुणी झाकणसुद्धा उघडलं नाही.

पुढे त्याची मुलगी त्याच तुकडीत भरती झाली. तिने मला शोधलं, चोळून धुतलं आणि पहिल्या कवायतीला टोपीवर लावलं. तपासणीला साहेब समोर आले, थबकले.

"हे काय आहे? बदक की बटाटा?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"बदक, साहेब. बाबांचं."

"खूण ओळखू आली पाहिजे. नियम आहे. हा भंगारात टाक, नवा घे."

तिचे कान लाल झाले. पण आवाज हलला नाही. "नवा लावते, साहेब. भंगारात मात्र टाकणार नाही. बाबांचा हात रोज फिरलाय याच्यावर. घरी त्यांचं दुसरं काही उरलं नाही."

साहेबांनी हात पुढे केला. तिने मला काढून दिलं. मला वाटलं, झालं, संपलं. साहेबांचा अंगठा माझ्या पाठीवरून सावकाश फिरला.

"वाळूचा एक ओरखडा नाही," ते हळूच म्हणाले. मग मला तिच्या हातात ठेवलं. "नियम टोपीच्या बाहेरचा आहे. हा आतून लाव."

आता बाहेर नवं बदक चमकतं. मी आत, अस्तराखाली, तिच्या कपाळाला टेकलेला. अंधार आहे, घामही आहे. पण मजेत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात असं झिजलेलं काही सापडलं तर लगेच फेकू नका, चकाचक करायलाही धावू नका. आधी हातात घ्या आणि घरच्यांना विचारा, हे कुणाच्या हाताने झिजलं?