काळी चार

"काळी चार," अर्डेलाकडे न बघताच लूशसनं फर्मान सोडलं आणि चुटक्या वाजवून अशी पळती लय दिली, की ड्रमवर बसलेल्या हॉबर्टनं बाह्या सरसावल्या.

डेट्रॉइटच्या त्या क्लबात रविवारी दुपारी कुणीही मंचावर चढावं. मात्र नवख्याला अडचणीची पट्टी सांगून पिटाळायचं, हाही तिथला रिवाज. लूशसच्या बँडमधली पियानोची जागा रिकामी होती आणि अर्डेलाचा त्या जागेवर जीव जडला होता. तिच्याआधीचे दोघे पट्टी ऐकूनच उठून गेले होते.

"चर्चमधून थेट इकडे?" तिच्या पांढऱ्या हातमोज्यांकडे बघत हॉबर्ट म्हणाला. "पाद्रीबुवांना सांगितलंस ना?"

"ते जेवायला गेलेत," मोजे काढत अर्डेला म्हणाली. "चल, सुरू कर."

चर्चमधल्या म्हाताऱ्या बाया मनाला येईल त्या पट्टीत गाणं उचलायच्या आणि अर्डेला लहानपणापासून त्यांच्यामागे धावत आली होती. काळी चारचं तिला काय कौतुक? उजवा हात सुसाट सुटला. डावा मधूनच एखादा ठोसा देऊन गप्प बसायचा. गप्पा मारणारे लोक खुर्च्या वळवून ऐकू लागले.

लूशस इरेला पेटला. त्यानं सॅक्सोफोन उचलला खरा, पण मधल्या वळणावर त्याच्याच लयीनं त्याला गाठलं. एक सूर घसरला, मग दुसरा. बोटं शेजारच्या सोप्या पट्टीकडे ओढ घेऊ लागली.

त्याला पडू द्यायचं, की झालं! पण चर्चमध्ये गाताना सिस्टर मेब्रींचा आवाज उतरला की अर्डेलाचे हात जे करत, तेच त्यांनी आताही केलं. कुणाला धक्का न लागू देता ते अर्धा सूर खाली, पांढरी पाचवर उतरले आणि त्याच्या पायाखाली जमीन आली. मग लूशस असा काही वाजवत सुटला, की अर्डेला वाजवता वाजवता मोठ्यानं हसू लागली. तिला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

टाळ्या थांबेनात.

"मध्येच पट्टी उतरवलीस, लूशस!" मालक गल्ल्यावरून ओरडला. "काय डोकं आहे!"

लूशसनं तोंड पुसलं, हॉबर्टकडे पाहिलं आणि माइक जवळ ओढला.

"मी पडलो होतो," तो म्हणाला. "हिनं उचललं, आणि तुम्हाला कळूही दिलं नाही. मंगळवारपासून आमच्या पियानोवर मिस अर्डेला पिकन्स."