गोजरबाईची म्हैस आणि ईश्वरप्पाची जीप

शेणाचे हात धुवायचंही भान न ठेवता गोजरबाईनं त्या दिवशी सकाळी नवऱ्याचा असा काही उद्धार केला की कुंभारीतलं निम्मं गाव न्याहारी टाकून आमच्या बोळात आलं. माझं घर तिच्या नवऱ्याच्या, धोंडीरामच्या घराला भिंतीला भिंत लावून. त्यामुळं मला उठायचीही गरज पडली नाही.

"म्हस कुटं हाय माझी?" गोजरबाई विचारत होती. "ह्ये काय आणून बांदलंय दावनीला?"

दावणीला बांधलं काहीच नव्हतं, पण म्हशीच्या जागी एक जीप उभी होती. उभी म्हणायची आपली. चाकात हवा नाही, टप नाही, बॉनेट नाही, आणि बसायच्या जागी कोंबड्यांनी घाण करून ठेवलेली. बैलांच्या दोन जोड्या लावून ती सिद्धप्पाच्या शेतातल्या वस्तीवरून ओढत आणली होती.

"बदली केली," धोंडीराम म्हणाला.

"दुदाच्या म्हशीची? ह्या सांगाड्यासंगं?"

"मिलिटरीची गाडी हाय ती, गोजर. लढाईतली."

"मग मीबी लढाईच करते आता!"

यात गोजरबाईची काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी जनावरं मिळेल त्या भावात बाजारात सोडली होती. ह्या बाईनं खडी फोडायला जाऊन, स्वतः अर्धपोटी राहून ती म्हैस जगवली. दोन वर्षं होतात न होतात तोवर ह्या गड्यानं ती लोखंडावर घालवली होती.

धोंडीराम फौजेत अठरा वर्षं ड्रायव्हर होता. पेन्शन घेऊन गावी आला, पण शेतात त्याचं मन रमेना. पेटीत त्यानं गाड्यांचं काय काय जमवून ठेवलं होतं. पितळी पट्ट्या, एका साहेबाच्या गाडीचं निशाण, तुटका मैलमीटर. ते काढायचं, चिंचेनं घासायचं आणि परत ठेवायचं, हा त्याचा विरंगुळा. सिद्धप्पाच्या वस्तीवर कडुलिंबाखाली ती जीप बारा वर्षं पडून होती. सिद्धप्पाचे वडील ईश्वरप्पा यांनी महायुद्ध संपल्यावर लष्करी लिलावातून ती आणलेली. ते गेले तशी ती जागची हलली नाही.

शेवटी पंचांसमोर ठरलं ते असं. दसऱ्यापर्यंत गाडी चालली तर धोंडीरामची. नाही चालली तर गाडी सिद्धप्पाकडं परत जायची आणि म्हैस गोजरबाईच्या दावणीला. सिद्धप्पानं एका पायावर मान्य केलं. इतक्या चटकन मान्य केलं, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

कारण सिद्धप्पाचं मन बदलीच्या दुसऱ्याच दिवशी फिरलं होतं. दूध देणारी म्हैस देऊन माणूस भंगार कशाला घेईल? त्यातून जीप नेताना धोंडीरामनं पहिली चौकशी केली ती गाडीवरच्या पितळी पट्टीची. ती सिद्धप्पाच्या गोठ्याच्या दाराला ठोकलेली होती. धोंडीरामनं ती काढून मागितली आणि दुसऱ्या दिवशी दारात उन्हात बसून दिवसभर घासली. सिद्धप्पानं येऊन वाकून पाहिलं. पट्टीवर आडव्या-उभ्या रेघा, रेघांच्या टोकाला आकडे, शेजारी इंग्रजी अक्षरं.

"ह्ये काय हाय, फौजी?"

"गेराचा नकाशा हाय. दांडा कुटं पाडायचा त्येचा."

गियरचा दांडा कुठं टाकायचा एवढंच त्या पट्टीवर होतं, पण "नकाशा" हा एकच शब्द सिद्धप्पाच्या कानात बसला. मग त्याला आठवलं की रझाकारांच्या धामधुमीत त्याच्या बापानं हीच जीप घेऊन सरहद्दीपलीकडच्या गावांतून माणसं आणली होती. माणसं आली म्हणजे डबोलीही आली असणार. कुणाचं तरी सोनं गाडीतच राहिलं असणार, आणि फौजीला त्याचा पत्ता लागला असणार. हे त्यानं मला सांगितलं ते कुणाला सांगू नको म्हणून. आठ दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक झालं. त्यात माझा वाटा किती होता ते मी सांगत बसत नाही.

त्यानंतर धोंडीरामचे हाल सुरू झाले. त्या जीपचं सामान बारा वर्षांत गावभर पांगलं होतं. बॉनेट मल्लव्वाच्या शेरडांच्या खोपीवर छप्पर म्हणून होतं. इंजिन फिरवून चालू करायचं हँडल हिंदुरावाकडं पहार म्हणून. गाडीच्या अंगाला अडकवायचं मिलिटरीचं फावडं माझ्याकडं. कालपर्यंत ह्या वस्तू उकिरड्यावर लोळत होत्या, कुणी लाथेनं बाजूला केल्या तरी कुणाची हरकत नव्हती. धोंडीराम मागायला लागला आणि एकेक वस्तू घरात जाऊन कडीकुलपात बसली.

"मल्लव्वा, बदली नवा पत्रा देतो की," धोंडीराम म्हणायचा.

"नवा कशाला देतोस, यप्पा? जुन्यात काय हाय त्ये सांग आदी."

"काय न्हाई त्येच्यात."

"मग नवा कशाला देतोस?"

धोंडीराम पुढच्या दाराला जायचा. माझ्याकडंही तो आला होता. फावडं कुठं गेलं आठवत नाही, असं मी त्याच्या तोंडावर सांगितलं. ते तेव्हा माझ्या बाजेखाली होतं. रात्री मी त्याचा दांडा ठोकून पोकळ आहे का तेही पाहिलं होतं. नव्हता.

पण गडी चिवट. सोलापूरच्या भंगार बाजारात त्यानं इमाम मिस्त्रीला गाठला. तिथून टायर आणले, वायरी आणल्या, अडकलेल्या पिस्टनांवर रॉकेल ओतून ओतून महिनाभरात ते मोकळे केले. हँडल लोहाराकडून नवं घडवून घेतलं. श्रावणात इंजिन हातानं फिरायला लागलं. अडलं एकाच जागी. इंजिनाला पेट्रोल आणि हवा कालवून पाजणारा कार्बोरेटर जागेवर नव्हता. इमाम मिस्त्रीनं दुसऱ्या गाडीचे दोन बसवून पाहिले. एक गळायचा, दुसरा बसायचाच नाही.

"फौजी भाय," इमाम मिस्त्री म्हणाला, "इसका असल माल अब्बी नै मिलता. मगर ये टूटा नै, किसीने खोलके लेकू गया. बोल्ट देखो, पाना लगाके सीदे खोले सो हैं. तुमारे गावमेंच होंगा."

आता धोंडीरामलाही संशयानं धरलं. जो भेटेल त्याच्याकडं तो त्या नजरेनं बघायला लागला. घराच्या भिंतीवर त्यानं कोळशानं कार्बोरेटरचं मोठं चित्र काढलं, दोन कान, खाली वाटी, वर धुराड्यासारखं तोंड, आणि येईल त्याला उभं करून विचारायचा, "आसलं काय बगितलंय का?" लोक चित्राकडं बघायचे, मग एकमेकांकडं बघायचे, आणि नाही म्हणायचे. सिद्धप्पा तर दोनदा येऊन बघून गेला.

"न्हाई बाबा. आमच्यात असतं तर दिलं नसतं का?"

घट बसायच्या आधी गोजरबाईनं घर सारवलं आणि ते चित्र शेणामातीखाली गेलं. धोंडीराम तिथंच बसून होता. तिलाच राहवेना.

"एक विचारू? खरं सांगा. सोनं हाय का त्येच्यात?"

"तूबी का आता?"

"मग कशापायी हो? माझी म्हस का घालवली?"

धोंडीरामनं सारवलेल्या भिंतीवर तळवा ठेवला. "आठरा वर्सं गाडी चालवली, गोजर. साब म्हनंल तिकडं. डावीकडं म्हनला की डावीकडं, थांब म्हनला की थांबायचं. एकदा आपुन म्हनंल तिकडं जायचं हुतं. बास."

"कुटं?"

"त्ये ठरीवलं न्हाई."

हे मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मला माझी लाज वाटली, पण फावडं काही मी बाहेर काढलं नाही.

दसऱ्याच्या आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड बाहेर निघतं. कुळव, फण, खुरपी, कोयते, मोटेचं चाक, अगदी विळीसुद्धा. धुऊन पुसून ओसरीवर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी अवजारानं काम करायचं नाही, आणि कुठलंही अवजार अंधारात ठेवायचं नाही. ठेवलं तर ते पुढं घात करतं, अशी आमची समजूत. गावाच्या मनात संशय कितीही असो, नवमीला लोखंड कोंडून ठेवायची छाती कुणाची होत नाही.

सकाळी धोंडीराम बायकोला घेऊन गावातून निघाला आणि त्याला दारोदार आपली जीप दिसायला लागली. मल्लव्वाच्या ओसरीवर बॉनेट, त्यावर हळदीची बोटं. हिंदुरावाच्या दारात हँडल. माझ्या दारात फावडं. मी खाली मान घालून फूल नीट करत बसलो. धोंडीराम प्रत्येक वस्तूपुढं थांबला, हात जोडले आणि पुढं गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूहळू आम्हीही त्याच्या मागं चालायला लागलो.

सिद्धप्पाच्या गावातल्या घराची ओसरी मोठी. दोन कुळव, तीन नांगर, पाण्याचं इंजिन, आणि सगळ्यांच्या पुढं, पाटावर, धुऊन लखलखीत केलेलं एक यंत्र. दोन कान, खाली वाटी, वर धुराड्यासारखं तोंड. शेजारी सिद्धप्पाची म्हातारी आई अक्कम्मा कुंकवाची वाटी घेऊन बसलेली.

सिद्धप्पा आतून आला तो पाट बघून जागीच थबकला.

"अव्वा! ह्ये कुनी काडलं?"

"म्या काडलं. ज्वारीच्या कणगीत कशाला घालून ठिवलं हुतंस? नवमीला लोखंड अंदारात ठिवतेत व्हय? तुझे अप्पा दरसाल पूजत हुते गाडीला." अक्कम्मानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "पुजलेलं अवजार उद्या कामाला लागलं पायजे. ह्येचं काम कुटं हाय, सांगा की कुनीतरी."

"पान्याच्या इंजनाचं हाय ते," सिद्धप्पा घाईनं म्हणाला. "जुनं. व्हय का न्हाई, हिंदुराव?"

हिंदुराव खाली बघायला लागला. मल्लव्वानं पदर तोंडाला लावला. प्रत्येकाच्या दारात काही ना काही मांडलेलं होतं, मग तोंड उघडणार कोण? जोडायला उचललेले धोंडीरामचे हात तसेच राहिले. एक दिवस गेला की मुदत संपणार होती आणि जीप सिद्धप्पाकडं परत जाणार होती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी गोजरबाईची म्हैस घरी येणार होती. हे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

"खोटं हाय," गोजरबाई म्हणाली.

"तू गप बस," सिद्धप्पा म्हणाला. "तुझ्याच भल्याचं चाललंय."

"कळतंय मला. पर दीड म्हैना ह्येचं चित्र माझ्या भितीवर हुतं. म्या माझ्या हातानं सारीवलं त्ये. ह्यो कान, ही वाटी. जीपचं हाय ते, अक्कम्मा." ती सिद्धप्पाकडं वळली. "मला माझी म्हस पायजे. पर आमच्या मान्साला फशिवून नगं."

अक्कम्मानं यंत्राला आणखी एक बोट कुंकू लावलं. "बा, तम्मा. ये, बाबा," ती धोंडीरामला म्हणाली. "उद्या उजाडताना ये आनि उचल. तवर मी हितंच बसते."

आणि बसलीच. सिद्धप्पाची जेवणं त्या दिवशी तिच्या देखतच झाली.

दसऱ्याला दोन घटका दिवस वर आला तेव्हा इमाम मिस्त्रीनं कार्बोरेटर बसवला. तिसऱ्या फेऱ्याला जीप खोकली, पाचव्याला धूर सोडला, आणि मग असं इंजिन धडधडायला लागलं की बोळातली पोरंबाळं किंचाळत पळाली. धोंडीराम रडला. सगळ्यांसमोर, तोंड न झाकता रडला. बॉनेट, हँडल, फावडं, सगळं तासाभरात न मागता येऊन पडलं. सिद्धप्पाही आला. त्यानं गाडीखाली आडवं होऊन पाहिलं, सीट उचकटून पाहिली, टाकीत काडी घालून पाहिली, आणि झपाझप वस्तीच्या दिशेनं निघून गेला.

गोजरबाई पुढं बसली. अक्कम्माला आम्ही उचलून मागं बसवलं. ईश्वरप्पानं तिला उभ्या हयातीत त्या गाडीला हात लावू दिला नव्हता, असं ती म्हणाली. तिला धरून बसायला म्हणून मी चढलो.

"बोल," धोंडीराम बायकोला म्हणाला. "कुटं जायचं?"

"तुमी ठरवायचं हुतं की."

"तूच सांग."

गोजरबाईनं समोर बघतच सांगितलं, "सिद्धप्पाच्या वस्तीवर. म्हस बघून येऊ एकदा."

वस्तीवर पोचलो तर लिंबाखाली, जीप जिथं बारा वर्षं उभी होती त्याच जागी, सिद्धप्पा कमरेएवढ्या खड्ड्यात. अंगभर माती. गाडीत काही निघालं नाही, तेव्हा माल गाडीखालच्या जमिनीत असणार, हा त्याचा हिशेब. आम्हाला बघून त्यानं कुदळ पाठीमागं लपवली. तिकडं गोठ्यात गोजरबाईचा वास लागला आणि म्हैस हंबरून दावं ओढायला लागली.

"आलात व्हय वासावर?" सिद्धप्पा धापा टाकत म्हणाला. "बरं. पंचायत नगं. निम्मं निम्मं करू."

"कशाचं निम्मं?" धोंडीरामनं विचारलं.

गोजरबाईनं नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. ती खाली उतरली, खड्ड्याच्या काठाशी गेली आणि आत वाकून पाहिलं. आत काळी माती होती आणि लिंबाची मुळं.

"आमाला निम्मं नगं, सिद्धप्पाभावजी," ती म्हणाली. "खड्ड्यात जे निगंल ते समदं तुमचं. आमची म्हस तेवढी सोडा."

"शब्द?"

"शब्द. ह्ये साक्षीला हायत."

सिद्धप्पा खड्ड्यातून असा उडी मारून वर आला की मी घाबरलो. स्वतःच्या हातानं त्यानं दावं सोडलं आणि तिच्या हातात दिलं. कुणी विचार बदलायच्या आत परत खड्ड्यात उतरला.

मी अक्कम्माकडं बघितलं. म्हैस तिच्या घरची जात होती आणि तिचा लेक तिच्या डोळ्यांदेखत खुळा झाला होता. "अक्कम्मा, सांगू का त्याला? तिथं काय न्हाई म्हणून?"

"सोनं न्हाई म्हून कालपासनं सांगाय लागलेय. माझ्यावरबी इस्वास न्हाई त्येचा," म्हातारी म्हणाली. "खणू दे. त्या जागंत मला लिंबूनीचं रोप लावायचंच हाय."

मग आम्ही निघालो. म्हशीचं दावं मागच्या कड्याला बांधलं होतं, म्हणून धोंडीरामनं पहिला गियर सोडला नाही. गोजरबाई सारखी मागं वळून बघत होती. मिलिटरीची गाडी म्हशीच्या चालीनं कुंभारीकडं चालली होती, आणि वस्तीवरून कुदळीचा आवाज येत होता.